मेरियन येण्याआधीचं शेरवुड

मे महिन्यातली सकाळ. पेंटेकॉस्टचा सण आहे आणि रॉबिन हूडला हुरहुर लागली आहे. कित्येक दिवसांत त्यानं चर्चमध्ये जाऊन प्रार्थना ऐकलेली नाही. नॉटिंगहॅमला जायचंच, असं तो ठरवतो. मच नावाचा साथीदार सांगतो, बारा गडी बरोबर घे. रॉबिन म्हणतो, माझं धनुष्य उचलायला लिटल जॉन एकटा पुरे. जॉन उलटून बोलतो : तुझं धनुष्य तूच उचल, त्यापेक्षा वाटेत पैजेवर नेमबाजी करू. रॉबिन ऐटीत एकास तीन अशी पैज लावतो आणि जॉन त्याच्याकडून पाच शिलिंग जिंकतो. रॉबिन म्हणतो, खोटं. जॉन म्हणतो, खरं. बाचाबाची वाढते, रॉबिन त्याच्यावर हात टाकतो. जॉन तलवार उपसतो, पण वार करत नाही. तू माझा धनी नसतास तर दाखवलं असतं, यापुढे दुसरा माणूस शोध, एवढं बोलून तो जंगलात निघून जातो.

पुढे व्हायचं तेच होतं. रॉबिन एकटाच सेंट मेरीच्या चर्चमध्ये शिरतो. कधीतरी त्यानं लुटलेला एक साधू त्याला ओळखतो, शेरीफ दरवाजे बंद करतो आणि रॉबिन सापडतो. बातमी जंगलात पोचते तेव्हा गडी हातपाय गाळून बसतात. शुद्धीवर असतो तो एकटा जॉन, म्हणजे नुकताच ज्यानं मार खाल्ला तो. राजाकडे पत्रं घेऊन निघालेल्या साधूला तो आणि मच वाटेत गाठून मारतात. साधूबरोबरच्या पोरालाही सोडत नाहीत, कारण पोरगं जाऊन सांगेल. साधूजवळची पत्रं घेऊन जॉन थेट राजापुढे उभा राहतो, बक्षीस आणि राजमुद्रा मिळवतो आणि नॉटिंगहॅमला परततो. शेरीफ विचारतो, साधू कुठे राहिला? राजानं त्याला वेस्टमिन्स्टरचा महंत केलं, असं जॉन मख्ख चेहऱ्यानं सांगतो. त्या रात्री शेरीफ दारू पिऊन लोळतो आणि जॉन तुरुंगाच्या पहारेकऱ्याला मारून, किल्ल्या घेऊन रॉबिनला बाहेर काढतो.

जंगलात परतल्यावर जॉन म्हणतो : तू माझं वाईट केलंस, मी तुझं चांगलं केलं, आता येतो. रॉबिन त्याला टोळीचं धनीपण देऊ करतो. जॉन नाही म्हणतो. त्याला फक्त सोबती म्हणून राहायचं आहे. आणि फसवलेला राजा रागावण्याऐवजी कबुली देतो, की आपल्या कुणाहीपेक्षा जॉनचं प्रेम रॉबिनवर जास्त आहे.

रॉबिन हूडची ही हातात असलेली सर्वांत जुनी गोष्ट. तिची हस्तलिखित प्रत १४५०च्या सुमाराची आहे आणि ती केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. रुसवा, विरह, सुटका आणि समेट या प्रेमकथेच्या चारही पायऱ्या तीत आहेत. नाही ती मेरियन. श्रीमंतांना लुटून गरिबांना वाटणंही नाही आणि राजा रिचर्डसुद्धा नाही. आज रॉबिनच्या दंतकथेची समलिंगी प्रेमाच्या अंगानं, आणि तीही थट्टेच्या सुरात नवी मांडणी होते तेव्हा ‘जुन्या कथेची वाट लावली’ अशी ओरड उठते. जुनी कथा म्हणजे नेमकी किती जुनी, हे आधी बघायला हवं.

इंग्लंडच्या जुन्या कायद्यात बोलावूनही न्यायालयात हजर न होणाऱ्याला कायद्याबाहेर टाकत. त्याची मालमत्ता जप्त होई आणि त्याच्या धडावर लांडग्याचं डोकं आलं असं म्हणत, म्हणजे दिसेल त्यानं लांडग्यासारखा मारावा. बायकांना मात्र असं बाहेर टाकता येत नसे. मुलगा बारा वर्षांचा झाला की त्याला गावातल्या पुरुषांच्या जामीनगटात शपथ घ्यावी लागे. बाईची त्यात गणतीच नव्हती. जी कायद्याच्या आत नाही तिला बाहेर कसं काढणार? तिच्यासाठी वेगळा शब्द होता, ‘सोडून दिलेली’ अशा अर्थाचा. फळ दोघांनाही तेच भोगावं लागे, पण कागदावर जंगल पुरुषांचं झालं. शाहिरांनी रचलेलं जंगलही तसंच झालं.

रॉबिन नावाचा खरा माणूस होता का, हा वाद तज्ज्ञांनी खुशाल घालावा. आपल्याला एवढं पुरे की १२२६ साली यॉर्कच्या न्यायालयात रॉबर्ट हॉड नावाच्या फरारी माणसाच्या मालमत्तेची नोंद झाली, आणि १२६२ साली बर्कशरमधल्या अशाच एका फरारीचं मूळ नाव बदलून कारकुनानं ‘विल्यम रोबहूड’ लिहिलं. म्हणजे तोवर ते नाव पळपुट्या गुन्हेगारांना चिकटवण्याइतकं लोकांच्या तोंडी बसलं होतं. १३७७च्या सुमारास विल्यम लँगलंडच्या ‘पिअर्स प्लाउमन’ काव्यात आळस हे पात्र पाद्री बनून येतं. या पाद्र्याला प्रभूची प्रार्थना धड येत नाही, रॉबिन हूडची गाणी मात्र येतात. रॉबिनचा साहित्यातला पहिला उल्लेख तो हाच.

या गाण्यांचा जीव थट्टेत आहे. ‘गेस्ट’ नावाचं मोठं काव्य १५००च्या आसपास छापलं गेलं. त्यात एका कफल्लक सरदाराला कापड द्यायचं ठरतं आणि जॉन गजाऐवजी आपल्या उंच धनुष्यानं ते मोजतो, वर प्रत्येक मापाला तीन फूट सोडून देतो. मच वैतागतो, हा कसला कापडवाला! त्याच काव्यात पाठलाग चालू असताना जॉनच्या गुडघ्यात बाण घुसतो. शेरीफच्या हाती जिवंत लागण्यापेक्षा माझं मुंडकं उडव, अशी तो रॉबिनला गळ घालतो. रॉबिन म्हणतो, इंग्लंडमधलं सगळं सोनं दिलं तरी नाही. मग मच त्याला पाठुंगळी घेऊन धावतो, मधेच खाली ठेवून बाण सोडतो, पुन्हा उचलतो. हसू आणि जीव लावणं यांची अशी सरमिसळ या गाण्यांत जागोजागी आहे.

वेषांतर तर या कथांना मुरलेलंच आहे. रॉबिनच्या आधीचा एक खरा पुंड म्हणजे बुलोनजवळचा युस्टास. मठातला साधू, मग काउंटचा कारभारी, काउंट रेनोशी बिनसल्यावर जंगलात, आणि अखेर इंग्लिश खाडीतला चाचा. १२१७ साली सँडविचच्या समुद्रयुद्धात त्याचं डोकं उडवलं गेलं. त्याच्यावर तेराव्या शतकात फ्रेंच पद्यात एक रोमान्स रचला गेला. त्यात तो बाईचा वेष घेऊन काउंटच्या एका शिपायाला भुलवतो, त्याच्याच घोड्यावर चढून बसतो आणि आशेनं तोंडाला पाणी सुटलेल्या त्या गड्याची अखेर चिखलात रवानगी करतो. श्रोते कुणाला हसत असतील? माझ्या मते शिपायाला. वेषाला नाही.

हे सगळं ‘समलिंगी’ म्हणायचं का? त्या काळी तसा वेगळा कप्पाच नव्हता. चर्चच्या लेखी पुरुषापुरुषांतला शरीरसंबंध हे महापाप होतं. तरी दोन पुरुषांनी शपथ घेऊन आयुष्यभराचे भाऊ होणं हे मानाचं होतं. दुसऱ्या रिचर्डच्या दरबारातले सर जॉन क्लॅनव्हो आणि सर विल्यम नेव्हिल हे दोन सरदार १३९१ साली कॉन्स्टँटिनोपलजवळ होते. ऑक्टोबरात क्लॅनव्हो वारला. नेव्हिलनं अन्न सोडलं आणि दोन दिवसांत तोही गेला, असं वेस्टमिन्स्टरच्या बखरीत लिहिलं आहे. दोघांच्या थडग्यावरची शिळा आज इस्तंबूलच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. शिळेवर कोरलेली दोन शिरस्त्राणं समोरासमोर आहेत, चुंबन घेत असल्यासारखी. खाली ढालींवर दोघांची कुलचिन्हं एकाच ढालीत अर्धी अर्धी जोडली आहेत, जशी नवरा-बायकोची जोडत. त्या दोघांच्या शेजघरात डोकावण्याचा आपल्याला अधिकार नाही आणि सोयही नाही. पण जॉन आणि रॉबिनची गाणी ज्यांनी पहिल्यांदा ऐकली, त्यांना अशी शिळा बघून नवल वाटलं नसतं.

मग मेरियन आली कुठून? फ्रान्समधून, आणि तीही दुसऱ्याच रॉबिनबरोबर. १२८३च्या सुमारास आदाम द ला आल या कवी-संगीतकारानं नेपल्सच्या दरबारासाठी एक गाणीबजावणीचं नाटक लिहिलं. त्यात मेरियन धनगरीण आहे आणि तिचा रॉबिन धनगर. पुंडाचा काही संबंध नाही. इंग्लंडात मे महिन्याच्या जत्रांमध्ये हे जोडपं आणि जंगलातला रॉबिन एकमेकांत मिसळले. गावोगावी एक जण रॉबिन व्हायचा, एक जण जॉन, आणि चर्चच्या दुरुस्तीसाठी वर्गणी गोळा व्हायची. थेम्सकाठच्या किंग्स्टन गावच्या चर्चच्या हिशेबांत सोळाव्या शतकाच्या आरंभी त्यांच्या कपड्यांचा खर्च मांडलेला सापडतो. मॉरिस या लोकनाचातली मेरियन पुढे पुढे बहुतेक वेळा दाढीमिशांचा बाप्या असे, आपल्या गौळणीतल्या मावशीसारखा : लुगडं नेसून फड हसवणारा. म्हणजे ज्या मेरियनच्या जोरावर रॉबिन ‘सरळ’ ठरतो, ती स्वतःच बराच काळ पुरुष होती.

या खेळाचा मोह राजालाही आवरला नाही. जानेवारी १५१०मध्ये अठरा वर्षांचा आठवा हेन्री रॉबिनच्या टोळीचा हिरवा वेष करून, सोबत सरदार घेऊन, भल्या सकाळी राणी कॅथरीनच्या महालात घुसला. राणी आधी दचकली, मग नाच झाला. याच हेन्रीच्या राज्यात १५३३ साली पुरुषापुरुषांतल्या संबंधांना देहदंडाचा कायदा झाला. तोवर ते पाप चर्चच्या न्यायालयाकडे असे. त्याचा मुलगा एडवर्ड गादीवर असताना, १५४९ साली, धर्मोपदेशक ह्यू लॅटिमरनं राजापुढेच तक्रार केली. तो एका गावी प्रवचनाला गेला तर चर्चला कुलूप. अर्धा तास किल्ली सापडेना. शेवटी एकानं येऊन सांगितलं, आज रॉबिन हूडचा दिवस, सगळं गाव तिकडे गेलंय. लॅटिमरला रॉबिनसाठी वाट सोडावी लागली. सुधारणावादी धर्मगुरूंचा या जत्रांवरचा राग पुढे वाढतच गेला आणि त्या हळूहळू बंद पडल्या.

गावच्या मैदानातून हुसकलेला रॉबिन लंडनच्या रंगमंचावर चढला. १५९८ साली अँथनी मंडेनं त्याच्यावर दोन नाटकं लिहिली आणि एका फटक्यात सगळं बदललं. साधा शेतकरी-धनुर्धर रॉबिन हंटिंग्टनचा उमराव झाला, काळ रिचर्ड आणि जॉन या राजांचा ठरला, आणि मेरियन खानदानी नायिका झाली. उमराव म्हटला की वंश आला, वंश म्हटला की बायको हवी. रॉबिनला प्रेयसी मिळाली ती मला वाटतं प्रेमामुळे कमी आणि या बढतीमुळे जास्त. गंमत अशी की इंग्लिश रंगमंचावर तेव्हा बायका काम करत नसत. मंडेची सोज्वळ मेरियनही मिसरूड न फुटलेलं पोरगंच होतं.

पुढच्याच वर्षाच्या आसपास शेक्सपिअरचं ‘ॲज यू लाइक इट’ आलं. विनोदी, प्रेमाची आणि लिंगभेदाची फिरकी घेणारी पुंडकथा हवी असेल तर ती हीच, आणि तिचं मूळही खास मध्ययुगीन आहे. १३५०च्या सुमारास ‘गॅमेलिन’ नावाचं एक रांगडं काव्य होतं. मोठा भाऊ धाकट्याची जमीन गिळतो, धाकटा कुस्ती मारतो, जंगलात पळून पुंडांचा राजा होतो आणि शेवटी न्यायाधीशासकट पंचांना फासावर देतो. त्यावरून टॉमस लॉजनं १५९० साली ‘रोझलिंड’ ही गद्यकथा लिहिली, आणि तिच्यावरून शेक्सपिअरनं नाटक. नाटकात पदच्युत ड्यूक आर्डेनच्या जंगलात राहतो आणि लोक त्याची तुलना रॉबिन हूडशी करतात. रोझलिंड पुरुषवेष घेते आणि गॅनिमीड हे नाव धारण करते. हे नाव म्हणजे ज्युपिटरनं रूपावर भाळून पळवून नेलेला पोरगा. त्या काळच्या सुशिक्षित प्रेक्षकाला त्यातला सूचक अर्थ समजावून सांगावा लागत नव्हता. ऑर्लँडो या ‘गॅनिमीड’ला रोझलिंड समजून प्रेमाचा सराव करतो. आता थर मोजा : नट मुलगा, तो साकारतो मुलगी, ती बनते मुलगा, आणि तो मुलगा करतो मुलीचं सोंग. ऑर्लँडोचं प्रेम यातल्या कुणावर बसतं, ते नाटककारानं हुशारीनं आपल्यावर सोपवलं आहे. देहदंडाचा कायदा लागू असताना हे भर दुपारी तिकीट लावून चालत होतं, कारण प्रेक्षक हसत होते.

सतराव्या शतकात मेरियन अखेर पोवाड्यांतही शिरली, पण दारातूनच भांडत. एका पोवाड्यात ती विरहानं व्याकुळ होऊन पोऱ्याच्या वेषात, ढालतलवार घेऊन रॉबिनला शोधायला जंगलात जाते. रॉबिनही वेष पालटलेला. दोघं एकमेकांना ओळखत नाहीत आणि जुंपते. तासभर तलवारी चालतात. रॉबिनच्या तोंडावरून रक्त वाहतं, तीही चांगलीच जखमी होते. शेवटी रॉबिन खूश होऊन म्हणतो, थांब गड्या, तुझ्यासारखा माणूस माझ्या टोळीत हवा. आवाजावरून ती त्याला ओळखते, मग मिठ्या आणि मेजवानी. हा साचा जुनाच आहे. जॉन असाच लाकडी पुलावर भेटला, त्यानं रॉबिनला पाण्यात पाडलं आणि रॉबिननं त्याला टोळीत घेतलं. जो आपल्याला बदडतो त्याच्यावर रॉबिनचा जीव जडतो. मेरियनला त्याच्या आयुष्यात यायचं तर त्याच वाटेनं, म्हणजे मार देऊन यावं लागलं. फ्रान्सिस चाइल्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लिश आणि स्कॉटिश पोवाड्यांचा महासंग्रह केला. त्यात रॉबिनचे ३८ पोवाडे आहेत, आणि मेरियनची खरी भूमिका आहे ती या एकाच पोवाड्यात.

नंतरचा प्रवास झटपट सांगता येतो. १७९५ साली जोसेफ रिटसननं, फ्रेंच राज्यक्रांतीच्या या चाहत्यानं, पोवाडे गोळा करून छापले आणि रॉबिनला गरिबांचा कैवारी केलं. वॉल्टर स्कॉटच्या ‘आयव्हॅनहो’त तो सॅक्सनांचा वीर झाला, तोही एकटाच, मेरियनशिवाय. १८२२ साली टॉमस लव्ह पीकॉकनं ‘मेड मेरियन’ ही खट्याळ कादंबरी लिहून तिला नायिका केलं. टेनिसननं म्हातारपणी दोघांवर नाटक लिहिलं. जॉनचा रुसवा मुलांच्या पुस्तकांतून गळत गेला. मग हॉलिवुड आलं. १९३८ साली एरॉल फ्लिन आणि ऑलिव्हिया डी हॅविलँड रंगीत पडद्यावर झळकले. चार वर्षांपूर्वीच हॉलिवुडनं स्वतःवरची आचारसंहिता कडकपणे राबवायला घेतली होती आणि समलिंगी प्रेमाचा उल्लेखही तीत निषिद्ध होता. आज ज्याला लोक ‘मूळ रॉबिन हूड’ म्हणतात तो बहुतेक करून हा १९३८चा रॉबिन असतो.

त्याला पहिला धक्का विनोदानं आणि बायकांनी दिला. १९८८च्या रॉबिन मॅकिन्ली यांच्या कादंबरीत रॉबिनचा नेम सुमार आहे आणि धनुर्विद्या खरी मेरियनची. शिवाय मुलाच्या वेषात टोळीत शिरलेली एक मुलगी लिटल जॉनचं मन गुंतवते. १९८९ साली बीबीसीवर टोनी रॉबिन्सन यांची मुलांसाठीची मालिका सुरू झाली. तीत टोळीची म्होरकी मेरियन आहे आणि रॉबिन हा कपड्यांत जीव असलेला भित्रा शिंपी.

आणि मग जुलै १९९९. तेव्हा कार्डिफ विद्यापीठात असलेले स्टीफन नाइट हे या पोवाड्यांचे मोठे अभ्यासक. त्यांनी एका परिषदेत मांडलं, की जुन्या गाण्यांचं जग पुरुषांचं आहे, त्यांतली जवळीक समलिंगी प्रेमाच्या अंगानंही वाचता येते आणि मेरियन मागाहून आली. वर्तमानपत्रांनी ‘रॉबिन हूड गे होता’ असा मथळा केला आणि बातमी जगभर गेली. रॉबिनच्या चाहत्यांनी निषेध केला, पोरांच्या आदर्शाला धक्का लागतो म्हणाले. नाइट यांचं म्हणणं मथळ्यापेक्षा सावध होतं. जो माणूस होता की नव्हता हेच ठाऊक नाही, त्याला काय आवडत होतं याचा दाखला कुठून देणार? पण मथळ्यानं एक काम केलं. तोवर दंतकथेच्या नव्या मांडणीला दाराबाहेर उभं करणाऱ्यांना पहिल्यांदा सांगावं लागलं, की त्यांच्या रॉबिनचं वय नेमकं किती.

त्यानंतर लेखकांना फार परवानगी मागावी लागली नाही. जे. टलस हेनिग यांची ‘ग्रीनवुड’ ही कादंबरी २०१३ साली आली. विनोद तीत बेताचाच, पण तीत लॉक्सलीचा रॉब प्रेमात पडतो तो गॅमेलिन नावाच्या सरदारपुत्राच्या. होय, १३५०च्या काव्यातला तोच गॅमेलिन, जमीन हिरावलेला धाकटा भाऊ, साडेसहाशे वर्षांनी वेगळ्याच कामावर. राहता राहिली मेरियन. धनगराची सखी, जत्रेतला बाप्या, उमरावाची वाग्दत्त वधू, पोऱ्याच्या वेषातली तलवारबाज, हॉलिवुडची नायिका एवढं सगळं होऊन बसलेल्या बाईचं आता करायचं काय, हा पेच हेनिग यांनी दोन अक्षरांत सोडवला. तिला रॉबची ताई केलं.